छत्री थोरल्याची, टीव्ही धाकट्याचा

चुलत सासरे किशनतात्या गेल्याची बातमी मंगळवारी सकाळी आली, तेव्हा सविताच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. तिला तात्या आठवले नाहीत, त्यांच्या मागे राहिलेल्या केशरबाई आठवल्या नाहीत. तिला गुरुवार आठवला. भावकीतलं माणूस गेलं म्हणजे घरात सुतक, सुतकात टीव्ही बंद, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता तिचे सासरे टीव्हीवर बोलणार होते.

सासरे, म्हणजे व्यंकटराव, जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधी कधीतरी शेतीच्या कार्यक्रमासाठी कॅमेरावाले वालूरला येऊन त्यांच्या करडईच्या रानात दिवसभर राबून गेले होते. कार्यक्रम लागला त्या दिवशी अख्ख्या गावाची लाईट गेली आणि घरातल्या कोणालाच तो दिसला नाही. आता त्या चॅनलने रोज सकाळी जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती. पुढच्या आठवड्याच्या जाहिरातीत एका क्षणापुरते व्यंकटराव दिसले, पिवळ्या रानात, डोक्याला पटका बांधलेले. ओठ हलत होते, पण वर संगीत लावलेलं. सासूबाई, कडूबाई, पोळपाटावरचं पीठ तसंच टाकून उठल्या होत्या. "बोलायलेत की हो," एवढंच त्या म्हणाल्या.

घरात व्यंकटरावांचे फोटो तीन होते. आवाज एकही नव्हता. तो जमाना गावात साध्या बटनाच्या मोबाईलचा, कोण कोणाला रेकॉर्ड करणार? थोरल्या मुलाची, बन्सीधरची, पोरगी अपेक्षा सेलूच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिने इंटरनेट पालथं घातलं, कार्यक्रम कुठेच नव्हता. मग तिने ठरवलं की गुरुवारी तो धरायचाच, आणि असा धरायचा की पुन्हा सुटणार नाही.

क्लासमधून तिने भंगारात निघालेला कॉम्प्युटर आणला, त्यातली धूळ चारदा झटकली, नवीन हार्डडिस्क बसवली आणि परभणीहून मागवलेलं एक कार्ड त्याच्या पोटात खोवलं. गच्चीवरच्या छत्रीची, म्हणजे डिशची, तार थेट त्या कार्डात, कार्डाचं चित्र टीव्हीवर. कार्यक्रमाची वेळ एकदा भरून ठेवली की पेटी आपली आपण जागी होऊन तो उतरवून घेणार. कडूबाई तिला पेटीच म्हणायच्या. अपेक्षाने त्यांना चाचणी म्हणून काल संध्याकाळचं भजन आज दुपारी लावून दाखवलं, तर त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "शिळं हाय, पण चांगलं लागायलंय."

अडचण पेटीची नव्हती. अडचण वाटणीची होती. दोन वर्षांपूर्वी भावाभावांत घर वाटलं गेलं तेव्हा जिना आणि गच्ची थोरल्या बन्सीधरकडे गेली, आणि पुढचा हॉल धाकट्या भागवतकडे, सविताच्या नवऱ्याकडे. टीव्ही हॉलच्या भिंतीवर म्हणून भागवतचा, छत्री गच्चीवर म्हणून बन्सीधरची. मधली तार कोणाची यावरून जे बोलणं झालं ते दोघांतलं शेवटचं. तेव्हापासून बन्सीधरने धाकट्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं आणि भागवत जिना चढला नव्हता. अपेक्षा मात्र बापाच्या गच्चीवरून काकाच्या हॉलमध्ये तारेसारखी बिनधास्त ये-जा करायची.

मंगळवारी दुपारी माती देऊन माणसं परत आली. अंघोळी झाल्या, आणि दोन्ही घरं अंगणात लिंबाखाली बसली. अंगण अजून वाटलेलं नव्हतं.

"काकू, काळजी करू नका," अपेक्षा सविताच्या कानाशी म्हणाली, पण तिला हळू बोलणं जमत नसे. "टीव्ही लावायची गरजच न्हाई. टीव्ही बंद असला तरी पेटी उतरवून घेती."

बन्सीधरने मान वर केली. "काय उतरवून घेती?"

"आबांचा कार्यक्रम, पप्पा. कोणी बघायचं न्हाई, ऐकायचं न्हाई. सुतक फिटल्यावर बघू."

बन्सीधरचं बोलणं नेहमी उशिरा निघायचं आणि निघालं की त्यावर दुसऱ्याने बोलायची सोय राहत नसे. "बाबा गेले तव्हा," तो म्हणाला, "किशनतात्याच्या घरात तेरा दिवस रेडिओ लागला न्हाई. त्यांच्या नातवाच्या शाळेचं गॅदरिंग व्हतं, पोराला जाऊ दिलं न्हाई त्यांनी. आन् आज त्यांची चिता इझायची हाय तर आपण पेटीत कार्यक्रम भरून घ्यायलोत."

"पण लावायलोत कुठं? पेटी तिचं ती करती," सविता पदर सावरून म्हणाली. थोरल्या दिराशी ती सहसा समोरून बोलत नसे.

"चूल पेटवून भाकर न्हाई खाल्ली तर चूल पेटली न्हाई म्हणायचं का?"

यावर खरं म्हणजे भागवतने बोलायला हवं होतं. टीव्ही त्याचा, हॉल त्याचा, आणि थोरल्याच्या प्रत्येक शब्दाला आडवं जाण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. भागवत काडीने जमीन उकरत होता.

"दादा म्हणतेत ते बरोबर हाय," तो जमिनीला म्हणाला. "उद्या भावकीत कोणी इचारलं तर काय सांगायचं?"

सविताला नवऱ्याचा असा राग आला की तिने उठून पाण्याचा तांब्या उगीचच भरला. दोन वर्षांत दोघे भाऊ एका गोष्टीवर एक झाले, आणि ती गोष्ट ही. जिन्याच्या पायरीवर तिची जाऊ राजेश्री बसली होती. वाटणीपासून दोघी जावा एकमेकींशी फक्त नळाला पाणी आल्याचं बोलायच्या. आता राजेश्रीने तिच्याकडे बघून ओठ मुडपले, आणि सविताला कळलं की आपल्या बाजूला एक माणूस वाढलं.

"माय, तुमी बोला की," राजेश्री सासूला म्हणाली.

कडूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांत जास्त ज्यांचं जाणार होतं त्या सगळ्यांत शांत. "किशनभावजीनं ह्यांच्यासाठी पाळलं," त्या म्हणाल्या. "आपण त्यांच्यासाठी पाळायचं. त्यात बोलायचं काय?"

"आजी, परत लागणार न्हाई तो," अपेक्षा म्हणाली.

"ठाव हाय मला."

बन्सीधर उठला. आईने आपलं म्हणणं उचलून धरलं तरी त्याच्या तोंडावर समाधान नव्हतं. "गुरवारी मी सोता वर जाऊन तार काढतो," तो म्हणाला. "मंग खाली पेटी चालू ठेवा न्हाईतर बंद ठेवा. मला तुमच्या हॉलमधी यायचं कारण न्हाई."

संध्याकाळी सविताने सोनपेठला माहेरी फोन करून पाहिला. तिथे सुतक नव्हतं. पण भावाने टीव्ही विकून वर्ष झालं होतं, घरात सगळे मोबाईलवरच बघायचे आणि त्यांच्या मोबाईलवर हे चॅनल दिसतच नव्हतं. शेजारच्या टीव्हीवरून उतरवून घे म्हणावं, तर सुतकात हे कशाला हवं म्हणून काय सांगावं? तिने फोन ठेवला.

गुरुवार तिसरा दिवस, राख सावडायचा. पुरुष सकाळीच नदीवर निघाले, बाया केशरबाईंच्या घरी. निघताना भागवतने सवयीप्रमाणे टीव्हीचा प्लग उपटला आणि वर चादर टाकली. पेटीचा प्लग त्याच बोर्डात शेजारी होता. त्याला हात लावावा की नाही यावर तो घटकाभर घुटमळला, आणि मग तार दादा काढणारच आहे, आपण कशाला पाप घ्यायचं, असा विचार करून बाहेर पडला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटली की तो भरभर चालायचा.

केशरबाईंच्या ओसरीवर बाया दाटीने बसल्या होत्या. कडूबाई त्यांच्या शेजारी, हात हातात घेऊन. सेलूला जाणारी दहाची एसटी हॉर्न देत वेशीवरून गेली तेव्हा कडूबाईंचा हात जरासा घट्ट झाला. सुरू झालं असेल. वर आभाळातून यायला लागलं असेल त्यांचं बोलणं, गावागावांत, घराघरांत, ज्यांचा काडीचा संबंध नाही असे लोक भाकरी खाता खाता ऐकत असतील.

"आक्का," केशरबाई म्हणाल्या, "ह्यांचा आवाज अजून कानात हाय बघा. पाणी दे म्हणलं की वळून बघावं वाटतंय."

"राहतो थोडे दिवस."

"आन् मंग?"

मग काय होतं ते कडूबाईंना चांगलं माहीत होतं. व्यंकटराव काय काय बोलायचे ते सगळं त्यांना पाठ होतं, कुठल्या साली काय म्हणाले तेसुद्धा. पण कसे बोलायचे ते गेलं होतं. कधी गेलं ते कळलंच नाही. एका दिवाळीत त्यांनी मनातल्या मनात त्यांना हाक मारायला लावली, तर आवाज बन्सीधरचा आला. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती, कारण त्यात त्यांना आपलाच काहीतरी कमीपणा वाटायचा. आता केशरबाईंचा हात हातात असताना त्यांना रडू आलं, आणि सगळ्या बायांना वाटलं की दिरासाठी रडतात. दिरासाठीही होतंच थोडं.

दुपारी एक नवीनच बातमी बायांपर्यंत आली. बन्सीधर राख सावडायला वेळेवर पोचला नाही. थोरला पुतण्या, दूध शिंपायचा मान त्याचा, माणसांनी वाट पाहिली आणि शेवटी महारुद्र नावाच्या दुसऱ्या पुतण्याच्या हातून उरकून घेतलं. बन्सीधर आला तेव्हा राख गोळा झालेली होती. पोटात दुखायलं होतं, म्हणाला. सुतकाच्या नावाने दोन घरांना गप्प बसवणारा माणूस सावडायलाच चुकतो, यावर भावकीत बरीच कुजबुज झाली.

"पोट कशाचं दुखतंय," राजेश्री विहिरीवर सविताला म्हणाली. आता दोघी पाण्याशिवायही बोलायला लागल्या होत्या. "तार काढायला वर गेले आन् तिथंच बसले असतील. मन खात असंल."

अपेक्षा घरी येताच हॉलमध्ये धावली. उपटलेला प्लग टीव्हीचा निघाला, पेटीचा नव्हे, तेव्हा तिचा जीव निम्मा भांड्यात पडला. पेटीवर निळा दिवा शांत जळत होता. पण पेटीत काय आहे ते बघायचं तर पडदा टीव्हीचाच, आणि टीव्हीवर चादर. तिने जिन्याच्या दारातून वर डोकावून पाहिलं. तार छत्रीला लागलेली होती. पण काढून परत लावायला असा किती वेळ लागतो?

"पप्पा," तिने रात्री जेवताना विचारलं, "तार काढली व्हती का तुमी?"

"सुतक फिटू दे," बन्सीधर म्हणाला आणि ताटात हात धुतला.

म्हणजे तार काढलीच असणार, असं सगळ्यांनी धरलं. पुढच्या दिवसांत घरात कोणी विषय काढला नाही. मात्र पेटीचा निळा दिवा विझू नये म्हणून सविता झाडूसुद्धा त्या कोपऱ्यात हळू मारायची. कडूबाई एकदा येऊन पेटीवर हात ठेवून गेल्या. "कोमट हाय," त्या म्हणाल्या.

तेरवी झाली, गोडाचं जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतने टीव्हीवरची चादर काढली. कडूबाईंना समोर खुर्चीत बसवलं. राजेश्री वाटणीनंतर पहिल्यांदा त्या हॉलमध्ये येऊन सविताशेजारी सतरंजीवर बसली. बन्सीधर आला, पण उंबऱ्याच्या बाहेरच, चौकटीला खांदा टेकून उभा राहिला.

अपेक्षाने रिमोट हातात घेतला. "आजी, नसंल तर नसंल हां," ती म्हणाली. "काळं दिसलं तर समजा की..."

"लाव गं बाई."

पडद्यावर भजनाखाली एक नवीन ओळ होती, गुरुवारची. अपेक्षाने ती उघडली. आधी एक जाहिरात, साबणाची. मग पिवळंधमक करडईचं रान आणि रानात हाताला फडकी गुंडाळलेले व्यंकटराव.

"सदर पीक आम्ही मागील दहा वर्षांपासून घेत आहोत," व्यंकटराव म्हणाले.

सविताला हसू फुटलं, मग राजेश्रीला, मग भागवतला. जन्मात कधी सदर न म्हणालेला माणूस कॅमेऱ्यापुढे सदर म्हणत होता. निवेदकाने विचारलं की काट्यांमुळे कापणीला मजूर मिळत नाहीत, मग तुम्ही काय करता? व्यंकटराव सदर विसरले. "काटं टोचतेत म्हणून कोणी येत न्हाई, खरंय तुमचं," ते म्हणाले, तोंड भरून, थोडं घोगरं, शेवटचा शब्द ओढत. "म्या म्हणलं, येऊ नका. मी आन् माझी मालकीण पहाटं दव असताना कापतोत. दवात काटा मऊ पडतो. तिलाच सुचलेलं हाय हे."

कडूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे ओठ पदराआड व्यंकटरावांच्या बोलण्याबरोबर हलत होते, एक शब्द मागे. असा होता तर आवाज. घोगरा होता. घोगरेपणा त्या पार विसरून गेल्या होत्या. अकरा वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्यांना झालं आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

तेवढ्यात चित्र फुटलं. व्यंकटरावांच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटक झाला, आणि पडदा काळा झाला.

"गेलं," भागवत म्हणाला. त्याने उंबऱ्याकडे बघितलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आलं. इथे तार काढली.

अपेक्षा गुडघ्यांवर सरकत पडद्याजवळ गेली. खाली आकडे मात्र पळत होते. मग पडद्यावर पुन्हा चौकोन उमटले, ते जुळले, आणि व्यंकटराव मघाच्याच घोगऱ्या आवाजात बी किती खोल पेरावं ते सांगायला लागले. स्वच्छ, मघापेक्षाही स्वच्छ.

"असं मधीच काय झालं मंग?" अपेक्षा म्हणाली. "तार निघाली असती तर परत आलंच नसतं."

"वानर बसलं व्हतं," दारातून बन्सीधर म्हणाला.

सगळ्या माना वळल्या. अपेक्षाने कार्यक्रम थांबवला. बन्सीधरला आपण बोलून गेलो हे बोलल्यावर कळलं असावं, कारण त्याने खांदा चौकटीवरून काढला आणि परत टेकला.

"तार काढायलाच गेलो व्हतो," तो म्हणाला. "हात लावला तिला. मंग वाटलं, ह्या तारेतून आता बाबा खाली जायलेत. न्हाई काढवली माझ्यानं. तिथंच उभा राहिलो. तर शाळेकडून वानरांची टोळी आली आन् त्यातला एक हुप्प्या थेट छत्रीवर. काठीनं हाकलला, पर जाता जाता त्यानं छत्री वाकडी केली. दांडीवर बसवणाऱ्यानं रंगाची खूण केलेली हाय. त्या खुणेवर आणून धरली. सोडली की कलायची. म्हणून धरून उभा राहिलो, कार्यक्रम संपला असंल असं वाटस्तोवर."

"अर्धा तास?" भागवत म्हणाला. दोन वर्षांत त्याने थोरल्याला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कोणाला ठाव किती. उन्हात हात भरून आले व्हते."

"सांगायचं तरी मला. दोघांनी धरली असती."

भागवत उठला, आपली खुर्ची उचलून आईच्या शेजारी ठेवली आणि तिच्याजवळ उभा राहिला. "दादा, आत या," तो म्हणाला. "उभ्यानं कशाला बघता."

बन्सीधरने चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत आला. कडूबाईंनी त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, जणू छत्री अजून त्या हातात होती. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आन् किशनभावजीची राख?" त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी आमाला गप केलंस, त्याच्याकडंच जायचा राहिलास तू."

"राहिलो न्हाई, माय. माणसं गेल्यावर एकलाच थांबलो नदीवर." बन्सीधर समोर थांबलेल्या चित्राकडे बघत म्हणाला. "तात्याला सांगितलं, बाबा बोलायलते, त्यांना मधीच कसं तोडू, म्हणून उशीर झाला."